न मळलेला शर्ट

कोल्हापुरातल्या एका पेठेत एक गोलकीपर होता. नाव दौलत साळोखे. उंची सहा फूट, हात सुपाएवढे, आणि मॅच संपली तरी शर्ट असा, की नुकताच घडी मोडून घातलाय.

आता कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं वेड लागलेलं गाव. पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीची टीम. अशा गावात गोलकीपरनं चिखलात लोळावं, हवेत उडावं, निदान गुडघे तरी फोडून घ्यावेत, अशी लोकांची अपेक्षा. दौलत तसलं काही करायचा नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी तो गोलच्या बरोबर मधोमध उभा राहायचा आणि टाचेनं मातीत एक सरळ रेघ ओढायचा. गोलचे खांब गोलकीपरच्या पाठीमागे असतात, ते त्याला दिसत नाहीत. पायाखालची रेघ दिसते. त्या रेघेवरून त्याला कळायचं, की आपण कुठं उभे आहोत. बॉल जिकडे सरकेल तसा तोही एकेक पाऊल सरकायचा. फटका बसेपर्यंत हा नेमक्या जागी पोचलेला असायचा, आणि बॉल आपला निमूट येऊन त्याच्या हातात पडायचा.

ही रेघ त्याला तालमीच्या वस्तादांनी शिकवली होती. वस्ताद बोलायचे कमी. पण एक गोष्ट त्यांनी त्याला शंभरदा तरी सांगितली असेल.

"गोलकीपरचा शर्ट मळला, म्हंजे त्याचं डोकं उशिरा पोचलं. उडी ही चुकीची दुरुस्ती हाय, दौलत. लागंल तवा मारायचीच. पण आधी चुकायचं कशाला?"

दौलत बावीस वर्षांचा झाला तेव्हा समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरातल्या क्लबानं त्याला बोलावून घेतलं. पगार, राहायला खोली, बूट, सगळं क्लबाचं. त्याच्याबरोबर त्याच पेठेतला अश्पाक बागवानही गेला. अश्पाक बॅक. म्हणजे गोलच्या पुढं उभा राहून समोरच्याला अडवायचं, हे त्याचं काम. दोघं लहानपणापासून एकत्र खेळलेले, त्यामुळे त्यांचं एक ठरलेलं होतं. कोणी चाल करून आला की अश्पाकनं उजवी बाजू झाकायची आणि डावी दौलतवर सोडायची. अश्पाक कधी मागं वळून बघायचा नाही. मागं दौलत आहे एवढं त्याला पुरेसं होतं.

अशी बारा वर्षं गेली. क्लबानं चार वेळा लीग जिंकली. दौलतचं सगळं बरं चाललं होतं. फक्त एक सल होता. बारा वर्षांत पेपरात त्याचा एकटा असा फोटो कधी आला नव्हता. येणार कसा? उभ्या माणसाचा फोटो कोण काढतो?

त्यातच दुसऱ्या एका क्लबात एक नवा गोलकीपर आला. तो प्रत्येक बॉलवर झेप घ्यायचा. हातात येणारा बॉलही आडवा होऊन पकडायचा. लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवायचे. आणि एके दिवशी दौलतच्या कानावर पडलं. त्याच्याच क्लबाचा एक प्रेक्षक जाळीपाशी शेंगा खात शेजाऱ्याला म्हणत होता, "ह्या साळोख्याला पगार कशाचा देतात हो? नुसता उभा तर असतो."

दौलतला ते फार लागलं. वाईट कोणाला वाटणार नाही? बारा वर्षं राबलेल्या माणसाला कोणी रिकामटेकडा म्हटलं, तर तो काय हसेल?

पुढच्या मॅचला त्याचा पाय जरा घसरला. जागेवर पोचायला एका पावलाचा उशीर झाला. मग नाइलाजानं त्यानं लांब झेप घेतली आणि बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर काढला. मैदान दणाणलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, आडवा, हवेतला, पाचही बोटं ताणलेली. दौलतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कोल्हापूरहून आईचा फोन आला. फोटो तिनं देवघराशेजारी चिकटवला होता.

आणि मग त्याच्या मनात ते आलं, जे गोलकीपरच्याच मनात येऊ शकतं. त्यानं ठरवलं, रेघ ओढायची, पण उभं राहायचं मुद्दाम एक पाऊल बाजूला. म्हणजे साधा बॉलसुद्धा लांब जाईल. म्हणजे झेप घ्यावी लागेल.

तसंच त्यानं केलं. सात मॅच केलं. उडी मारण्यात तो मूळचा तरबेज होताच, फक्त वापरत नव्हता. लोकांनी त्याचं नाव गरुड ठेवलं. एक बूट कंपनी त्याचं मोठं चित्र रस्त्यावर लावायचं म्हणून चौकशी करून गेली. शर्ट इतका मळायचा की क्लबाचा धोबी त्याला बघून वाट बदलू लागला.

एकदा वस्तादांचा फोन आला. ते टीव्हीवर मॅच बघायचे.

"शर्ट लई मळायलाय तुझा," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, आता खेळ बदललाय."

"असंल. खांब तिथंच हाईत न्हवं?" एवढं विचारून वस्तादांनी फोन ठेवला.

दौलतनं ते मनावर घेतलं नाही. टाळ्या ऐकणाऱ्या कानाला दुसरं काही ऐकू येत नाही, त्यातलीच गत.

लीगच्या शेवटून दुसऱ्या मॅचला समोरच्या टीमचा एक चपळ गडी बॉल घेऊन आत घुसला. अश्पाक ठरल्याप्रमाणे पुढं झाला. त्यानं उजवी बाजू नीट झाकली आणि डावी दौलतवर सोडली. त्या गड्यानं डावीकडे साधा फटका मारला. जोर नव्हता, वळण नव्हतं. रेघेच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाच्या तो पोटात बसला असता. पण दौलत एक पाऊल उजवीकडे उभा होता. त्यानं झेप घेतली, सुंदर घेतली. बॉल बोटांना चाटून आत गेला.

मॅच गेली. आता शेवटची मॅच जिंकली तरच लीग मिळणार होती.

आणि गंमत बघा. दौलतला कोणी काही बोललं नाही. उलट लोक हळहळले. काय उडी होती, बिचाऱ्याचं नशीब नव्हतं, असं सगळे म्हणत राहिले. शिव्या खाल्ल्या त्या अश्पाकनं. त्यानं त्या गड्याला सोडलंच कसं, म्हातारा झाला, पाय उचलत नाहीत, असं लोक त्याच्या तोंडावर बोलले.

सगळे गेल्यावर दौलत पाण्याची बाटली आणायच्या निमित्तानं गोलपाशी परत गेला. मातीत त्याची रेघ तशीच होती. आणि रेघेच्या उजव्या बाजूला त्याच्याच बुटांचे ठसे होते, पूर्ण एक पाऊल दूर. एवढा पुरावा पुरे होता. दौलतनं इकडंतिकडं पाहिलं आणि पायानं माती सारवून रेघ पुसून टाकली. तो पुसत होता तेव्हा त्याला स्वतःची शरम वाटली.

जेवताना अश्पाक त्याच्या समोर बसला होता. तो आपल्याच विचारात भात चिवडत होता.

"माझाच पाय उशिरा पडला असणार," अश्पाक म्हणाला. "वय झालं रं आता. तू एवढी झेप घेतलीस, आणि मी एक गडी अडवू शकलो न्हाई."

लहानपणापासूनचा दोस्त त्याच्यावर विश्वास ठेवून उलट स्वतःलाच दोष देत होता. मागं वळून न बघण्याची किंमत तो मोजत होता, आणि ती किती आहे हे त्याला माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर नाईक सरांनी शेवटच्या मॅचसाठी अकरा नावं वाचली. नाईक सर क्लबाचे कोच, शिस्तीचे आणि तुटक बोलणारे. अकरांत अश्पाक नव्हता. सरांनी त्याला बाजूला घेऊन हेही सांगितलं, की पुढच्या वर्षी क्लब त्याला ठेवणार नाही. अश्पाकनं मान हलवली. वाद घातला नाही. खाली बसून तो बुटाच्या नाड्या सोडू लागला.

दौलत ते बघत होता. गप्प बसला तर काहीच बिघडत नव्हतं. गरुड हे नाव राहत होतं, बूट कंपनीचं चित्र रस्त्यावर लागत होतं, आईच्या भिंतीवर आणखी फोटो चिकटत होते. फक्त अश्पाक उद्याच्या गाडीनं कोल्हापूरला जाणार होता, नालायक ठरून.

अश्पाकनं एका पायातला बूट काढला. तेवढ्यात दौलत उठला.

"सर, जरा गोलपाशी चला. सगळेच चला."

सगळे गेले. दौलतनं टाचेनं रेघ ओढली. मग कालच्या जागी, एक पाऊल उजवीकडे उभा राहिला.

"काल मी हितं हुतो," तो म्हणाला. मग पाऊल उचलून रेघेच्या डाव्या अंगाला आला. "असायला पायजे हुतो हितं. अश्पाकनं त्याची बाजू झाकली हुती. डावी माझी हुती. मी सोडली."

"पाय घसरला?" सरांनी विचारलं.

इथं एक पळवाट होती. घसरला म्हटलं असतं तरी अश्पाक सुटला असता. दौलतला ती वाट दिसली, मोहही झाला.

"न्हाई सर. मुद्दाम उभा राहिलो. उडी दिसावी म्हणून. सात मॅच झाल्या."

अश्पाक एका पायात बूट घालून उभा होता आणि दौलतकडे नुसता बघत होता. मग तो म्हणाला, "आणि मी काल रातच्याला दोन घास कमी जेवलो, लेका. ते भरून दे."

कोणीतरी हसलं. नाईक सर हसले नाहीत.

"परवाच्या मॅचला दोघंही खेळाल," ते म्हणाले. "साळोखे, उगाच मारलेली एक उडी मला दिसली, तर तुझा या क्लबातला तो शेवटचा दिवस."

अशी गोष्ट लपत नाही. मॅचच्या दिवसापर्यंत ती शहरभर झाली. बूट कंपनीनं कळवलं की तूर्त चित्राचा विचार नाही. मैदानात दौलत उतरला तेव्हा लोकांनी त्याची टर उडवायला सुरुवात केली.

"गरुडा, उड की! उड जरा!"

दौलतनं रेघ ओढली. या वेळी जरा ठळकच ओढली.

पहिला फटका आला, हातात बसला. दुसरा आला, छातीशी बसला. लोक ओरडतच होते. दौलतचे कान लाल झाले होते. एकदा त्याचे पाय शिवशिवले, एक पाऊल, फक्त एकच पाऊल. त्यानं खाली रेघेकडं पाहिलं आणि जागचा हलला नाही. मध्ये त्याच्या टीमनं एक गोल केला.

शेवटची दोन मिनिटं राहिली. समोरचा गडी बॉल घेऊन आत आला, अगदी मागच्या मॅचसारखा. अश्पाक पुढं झाला. त्यानं उजवी बाजू झाकली आणि डावी मोकळी सोडली. काल-परवा ज्यानं दगा दिला, त्याच्यावर हा माणूस पुन्हा बाजू सोडतोय, आणि तरी मागं वळून बघत नाही. त्याची पाठ तशीच सरळ होती.

गड्यानं डावीकडे फटका मारला. दौलत तिथं आधीच उभा होता. बॉल येऊन त्याच्या पोटाशी बसला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि पुढं अश्पाककडं टाकला. कोणी टाळी वाजवली नाही. वाजवण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

शिट्टी वाजली. लीग त्यांची झाली. लोकांनी गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतलं. दौलत आणि अश्पाक जाळीला टेकून खाली बसले आणि एका बाटलीतून आळीपाळीनं पाणी प्यायले. दोघांनाही फार बरं वाटत होतं.

"एकदा तरी वळून बघायचंस," दौलत म्हणाला.

"कशाला? तू सांगितलंस की कुठं असतोस ते."

दुसऱ्या दिवशी पेपरात गोल करणाऱ्याचा फोटो होता. बातमीच्या अगदी तळाशी एक ओळ होती, 'गोलरक्षक साळोखे यांना फारसे काम पडले नाही.' दौलतनं ती दोनदा वाचली. मग अश्पाककडून कात्री मागून घेतली, ती एक ओळ कापली आणि पाकिटात घालून आईला पाठवली. फोटोच्या वर चिकटव, असं लिहिलं.

संध्याकाळी त्यानं वस्तादांना फोन केला.

"मॅच बघितली," वस्ताद म्हणाले. "शर्ट?"

"जसाच्या तसा हाय, वस्ताद. धोबी पण विचारायलाय, मॅच खेळलास का न्हाई म्हणून."

वस्ताद पलीकडं मनापासून हसले. दौलत त्यानंतर पाच वर्षं खेळला, अश्पाक तीन. त्या पाच वर्षांत दौलतचा एकही फोटो पेपरात आला नाही, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

तात्पर्य: चोख काम बहुतेक वेळा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते दिसावं म्हणून आपली जागा सोडू नये, कारण आपण तिथं आहोत या भरवशावर कोणीतरी आपल्याकडं पाठ करून उभं असतं.