मुंडक्यादेवाचे पाय

राजे जगदेवरावांची पगडी वेशीच्या कमानीत अडकली!

हत्ती पुढे गेला, हौदा पुढे गेला, हौद्यातले राजेही पुढे गेले. पगडी मात्र कमानीला मोहोळासारखी लटकून राहिली. बरं, ही नुसती तालीम होती. खरी मिरवणूक नऊ दिवसांनी, दसऱ्याला!

राजे बोडक्या डोक्याने गरजले, "कोणी बांधली ही वेस?"

"आपल्याच पणजोबांनी, महाराज," दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले.

"मग ते कसे जात होते?"

"याच हौद्यात बसून. वर छत्रसुद्धा असायचं."

"मग आता काय झालं?"

दिवाणजींनी 'ठाऊक नाही' असं जन्मात कधी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "महाराज, माणूस म्हातारा झाला की वाकतो. वेसही म्हातारी झाली. वाकली!"

राजांना ते पटलं. "मग पाडा आणि नवी बांधा!"

मागच्या पालखीचा पडदा सर्रकन बाजूला झाला. राजमाता आईसाहेब कडाडल्या, "माझ्या आजेसासऱ्यांची वेस आहे ती! नऊ दिवसांत एका जरी दगडाला हात लावलास, तर दसऱ्याला मी तुला ओवाळायची नाही!"

राजे पेचात पडले. संध्याकाळी गावात दवंडी पिटली: 'वेशीचा दगड हलवायचा नाही. हत्तीला गुडघ्यांवर चालवायचं नाही. हौदा बदलायचा नाही. राजे पगडी काढणार नाहीत आणि मान वाकवणार नाहीत. तरीही मिरवणूक वेशीतूनच जाईल! दसऱ्याआधी तोड काढा, नाहीतर दसरा झाला की वेस पाडू!'

वेशीच्या पोटातच एक देवडी होती. तिथे म्हातारा दरवान धोंडजी आणि त्याची मुलगी हौसा राहत. चार पिढ्यांचं घर. वेस गेली की घरही जाणार. धोंडजीने भांड्यांचं गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं.

"आबा, अजून आठ दिवस आहेत," हौसा म्हणाली.

"असू दे पोरी. सवय झालेली बरी."

इकडे गावात शहाण्यांना ऊत आला. एकाने कमानीला लोणी चोपडायला सांगितलं. चोपडलं. पगडी अडकायची थांबेना, मुंग्या मात्र जमल्या! दुसरा म्हणाला, हत्तीला उपाशी ठेवा. चार दिवस ठेवलं. भोलानाथ हत्ती बारीक झाला, बुटका काही झाला नाही. भुकेच्या तडाख्यात त्याने दिवाणजींचं उपरणं तेवढं खाल्लं.

सातव्या दिवशी दिवाणजी मजूर घेऊन वेशीत आले. दसऱ्याआधी रस्त्यावर नवा मुरूम टाकायचा रिवाज होता. पहिलीच टोपली उलटली आणि मुरूम तीन पायऱ्या घरंगळत थेट हौसाच्या चुलीत गेला.

हौसा परात घेऊन बाहेर आली. "काय हो दिवाणजी, आता माझ्या भाकरीवरूनही रस्ता नेणार काय?"

"गप गं! तीस वर्षं मी दर दसऱ्याला दोन बोटं मुरूम टाकतो. असा रस्ता सात मुलखांत नाही!"

"आणि जुना मुरूम?"

"तो खालीच असतो. जाणार कुठे?"

हौसा आणखी काही बोलणार होती, ती थांबली. तिने आपल्या घराच्या तीन पायऱ्या पाहिल्या. त्या खाली उतरत होत्या. आणि तिचा आजा तर सांगायचा, 'आपल्या घरात दोन पायऱ्या चढून जावं लागतं!' मग तिची नजर मुंडक्यादेवाकडे गेली. वेशीच्या पायथ्याशी जमिनीतून एक दगडी डोकं वर आलेलं होतं. ते कोणत्या देवाचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गाव शेंदूर लावी, नारळ फोडी.

हौसाने हात जोडले, "देवा, माफ कर" म्हणाली आणि उलथन्याने त्याच्या हनुवटीखाली उकरलं. खाली मान निघाली!

ती तडक दरबारात गेली. "महाराज, वेस सरळ करून देते. मला दिवाणजींचे मजूर द्या. आणि दिवाणजीही द्या."

"दिवाणजी कशाला?"

"टोपली उचलायला!"

दुसऱ्या दिवशी वेशीखाली खणायला सुरुवात झाली.

"अगं, माझा रस्ता!" दिवाणजी टोपलीखालून ओरडत होते. चपातीच्या पदरांसारखे मुरुमाचे थर निघू लागले. एका थरात घोड्याचा नाल सापडला, दुसऱ्यात दिवाणजींची हरवलेली तपकिरीची डबी. मुंडक्यादेवाला मानेखाली छाती निघाली, छातीखाली पोट, आणि शेवटी चार पंजे. तो चांगला धष्टपुष्ट सिंह होता!

"देवाला पाय आहेत!" गाव ओरडला.

पुजारी घाबरला. "एवढ्या पोटाला नैवेद्य पुरायचा कसा?"

तळाशी पणजोबांच्या काळची फरसबंदी लागली. हौसाने वेशीच्या दोन्ही बाजूंना हत्ती चालेल असा उतार करून घेतला.

दसऱ्याला भोलानाथ डुलत वेशीत शिरला. हौद्यात राजे, डोक्यावर पगडी, वर छत्र. कमान हातभर वरच राहिली! राजांनी हत्ती तिथेच थांबवला.

"पोरी, वाकलेली वेस सरळ केलीस तरी कशी?"

"महाराज, वेस वाकलीच नव्हती! दिवाणजी तीस वर्षं आपल्यालाच वर उचलत होते!"

राजे इतके हसले की हौदा डुलला. आईसाहेबांनी आधी हौसाला ओवाळलं, मग लेकाला. राजांनी हातातलं सोन्याचं कडं हौसाला दिलं आणि देवडी पिढ्यान्‌पिढ्या धोंडजीच्या वंशाला लिहून दिली. दिवाणजींना हुकूम झाला: नवा मुरूम टाकण्याआधी जुना काढायचा, आणि पहिली टोपली स्वतः उचलायची!

धोंडजीने गाठोडं सोडून तांब्या काढला. "महाराज, गरिबाघरी गूळपाणी घ्या."

राजे उतरले, ऐटीत दोन पायऱ्या चढले, आणि पगडी देवडीच्या चौकटीवर दाणकन आपटली!

हौसा आतून म्हणाली, "इथं मात्र वाकावंच लागतं महाराज, हे दार पहिल्यापासून बुटकंच आहे!"

राजे पोट धरून हसले, पगडी काखेत मारली आणि वाकून आत गेले.