सगुणाची माहेरची गाडी

त्या राज्यात प्रवासाला फार मान होता, म्हणून तो कोणी करीत नसे. प्रवासावर व्याख्याने होत, प्रवासाची गाणी गायली जात, आणि गावाच्या मधोमध एका संग्रहालयात जुन्या काळची प्रवासी घोडागाडी जपून ठेवलेली होती. उंच चाके, दोन्ही अंगांना खिडक्या, आत घोड्याचे केस भरलेल्या जाड गाद्या. हे केस कोणाचे, असे तिथे विचारत नसत, कारण संग्रहालयाचा सगळा कारभार घोड्यांकडेच होता.

चाकांना नेमाने वंगण घातले जाई, कारण कुरकुरणारी गाडी पाहुण्यांना बरी वाटत नाही. चाकांखाली दगड होते. भोवती जाडजूड दोराचे कडे होते, त्याचे एक टोक गाडीच्या दांडीला बांधलेले असे आणि ते कधीही सोडायचे नाही असा नियम होता. दांडीवर एक पाटी लटकत होती: ‘हलवू नये’.

संग्रहालयाचे प्रमुख तुरंगेसाहेब हे धिप्पाड, तुकतुकीत अंगाचे घोडे. त्यांच्या पणजोबांची तसबीर भिंतीवर होती. पणजोबांच्या खांद्यावरचे केस जाऊन एक रुंद पट्टा उघडा पडला होता. साहेब तो पट्टा पाहुण्यांना घराण्याचा मान म्हणून दाखवीत. “आमच्यात पूर्वी ओढत असत,” ते सांगत, “आता आम्ही ओढण्याविषयी सांगतो.” पाहुणे माना डोलवत आणि बाहेर जाऊन उसाचा रस पीत.

अशा या ठिकाणी एके सकाळी सगुणा कोंबडी बोचके घेऊन आली. तिचे पहिले बाळंतपण जवळ आले होते आणि पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, ही तिच्या जातीतली रीत. माहेर टेकडीच्या खिंडीपलीकडे, म्हणजे कावळ्याला विचाराल तर घरामागेच. पण पहिलटकरणीने पायी माहेरी जायचे नसते. गाडीतून जायचे, वेशीवर उतरायचे, आईने भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. पायी गेली तर सासरची अब्रू जाते. संग्रहालयाच्या दारावर ‘प्रवासी गाडी’ असे ठळक लिहिलेले. सगुणाने ते वाचले, दोराखालून आत शिरली, खिडकीजवळची जागा धरली आणि गाडी सुटायची वाट पाहू लागली.

तुरंगेसाहेब आले आणि तिला खिडकीत पाहून दोरापर्यंत धावत गेले.

“बाई, खाली उतरा! ही गाडी जात नाही.”

“मग प्रवासी गाडी कशाला म्हणता हो?”

“प्रवासाची आहे म्हणून.”

“तेच तर म्हणतेय मी. घाई नाही माझी. भरली की सोडा.”

तिला ओढून काढावे, तर गाडीतल्या कशालाही हात लावायचा नाही हा नियम साहेबांनी स्वतःच केलेला. आता सगुणा गाडीतली होती. साहेबांनी बराच विचार केला आणि शेवटी तिच्या गळ्यात एक पाटी अडकवली: ‘प्रवासी. जुना काळ.’ पाहुणे येऊन तिच्याकडे टक लावून पाहत. एका शेळीने तर आपल्या करडांना सांगितले, “बघा, पूर्वी अशी जायची म्हणे.” सगुणाला वाटले, भाडे मागत नाहीत, दाणे वेळेवर टाकतात, मोठी भली मंडळी आहेत.

गाडी काही सुटेना. वेळ मात्र भरत आली, आणि एका दुपारी सगुणाने गादीवरच अंडे घातले. अंडे ऊबदार होते आणि तिचे स्वतःचे होते. तिला इतका आनंद झाला की माहेर, सासर, अब्रू सगळे क्षणभर विसरून ती ओरडत सुटली.

तिच्याइतकाच आनंद साहेबांना झाला. संग्रहालयात कितीतरी वर्षांत नवी वस्तू आली नव्हती. त्यांनी लगेच अंड्यासमोर पाटी रोवली: ‘अंडे. हलवू नये. बदलू नये.’

सगुणा अंड्यावर बसून राहिली. वस्तूवर वस्तूने बसण्याविरुद्ध नियम नव्हता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. दिवस जात राहिले, आणि एका सकाळी तिला पोटाखालून आवाज आला. टक. मग पुन्हा टक टक. नेमका त्याच दिवशी संग्रहालयात रोगणाचा सण होता. त्या दिवशी आतल्या प्रत्येक वस्तूला रोगणाचा जाड हात देत. चाके सगळीकडून नीट रंगावीत म्हणून त्यांच्याखालचे दगडही काढून ठेवले होते.

“सकाळी गाडी, संध्याकाळी अंडं,” साहेबांनी आपल्या हाताखालच्या दोन खेचरांना सांगितले.

“साहेब, आत जीव आहे हो!” सगुणा कळवळून म्हणाली. “टकटक करतोय. रोगण फासलंत तर गुदमरून जाईल.”

“बाई, तुम्हाला जतन म्हणजे काय ते कळत नाही,” साहेब अगदी प्रेमाने म्हणाले. “ते फुटलं तर अंडं राहील का? आम्ही त्याला वाचवतोय.”

अंडे बोचक्यात घालून पळावे, तर दारावर धोंडिबा गाढव बसलेला. बाहेर नेली जाणारी प्रत्येक वस्तू तो हुंगून अडवीत असे. पण एखादी वस्तू स्वतःच चालत बाहेर गेली तर काय करायचे, हे धोंडिबाला कोणी सांगितले नव्हते, कारण तसे कधी घडलेच नव्हते. सगुणाच्या मनात आईचा विचार आला. आईच्या तोंडापुढे मुंगूस मागे फिरलेले तिने पाहिले होते. आईला घेऊन यायचे, मग या घोड्यांची खैर नाही.

घोडे जेवायला बसले तशी तिने अंड्यावर बोचक्यातली गोधडी नीट खोचली. “आलेच हं, बाळा,” ती म्हणाली आणि टुणकन खाली उडी मारली ती थेट रोगणाच्या परातीत. तशाच चिकट पायांनी ती धोंडिबासमोरून गेली. धोंडिबाने तिच्या गळ्यातली पाटी वाचली, नियम आठवून पाहिले आणि सलाम केला. पायी माहेरी निघालेली ती तिच्या घराण्यातली पहिलीच लेक होती. लाजेने तिचा तुरा आणखी लाल झाला, पण पाय थांबले नाहीत.

जेवून आलेल्या साहेबांना आधी रिकामी जागा दिसली आणि मग जमिनीवर उमटलेली चकचकीत पावले दिसली.

“प्रवाशाच्या पाऊलखुणा!” साहेब ओरडले. “जुन्या काळच्या! कोणी तुडवायच्या आत दोर घाला!”

दोर एकच होता, गाडीभोवतीचा. त्याचे कडे उलगडले आणि मोकळे टोक साहेबांनी स्वतः खांद्यावर घेतले. मागे खेचरे लागली. सगळ्यांना सक्त ताकीद होती की खुणांवरून नजर हटवायची नाही. माना खाली घालून, एकेका पावलाचे कौतुक करीत मंडळी दाराबाहेर पडली आणि खिंडीची वाट चढू लागली. थोड्या वेळाने दोर ताणला गेला.

“कुठेतरी अडकलाय,” एक खेचर म्हणाले.

“मग ओढा! वारसा काय फुकट जपला जातो?”

त्यांनी जोर लावला. दोर जड होता, पण येत होता. धोंडिबालाही हाक मारून घेतले. वाटेत भेटलेली दोन तट्टे, कुठलेसे पुण्यकर्म चालले आहे असे समजून, खांदा द्यायला आली. अंगांतून घामाच्या धारा लागल्या. मागून कसलीशी मऊ घरघर ऐकू येत होती, पण मागे पाहायला कोणाला सवड नव्हती. खिंड ओलांडल्यावर दोर एकाएकी हलका झाला. “पाहा, सवयीने किती फरक पडतो,” साहेब म्हणाले. उतारावरच्या खुणा लांब लांब पडल्या होत्या, म्हणजे बाई इथून पळाली असणार. मग साहेबही पळू लागले, आणि त्यांना फार बरे वाटले. का, ते त्यांना सांगता आले नसते.

इकडे माहेरच्या अंगणात सगुणा धापा टाकत आईपुढे उभी होती.

“पायी आलीस?” आईने कपाळाला पंख लावला. “अगं, चार घरांत काय तोंड दाखवू मी?”

“आई, ते सगळं राहू दे गं! माझं अंडं तिकडे गाडीत राहिलंय, संध्याकाळी त्याला—”

“कुठल्या गाडीत? ती का?”

सगुणाने वळून पाहिले. खिंडीतून गाडी येत होती. नव्या रोगणाने उन्हात झळाळत होती, चाके गरगर फिरत होती, आणि तिच्यापुढे अख्खे संग्रहालय माना खाली घालून दुडक्या चालीने धावत होते. सगुणाला रडू फुटले. तिची आई मात्र घाईघाईने भाकरतुकडा आणायला आत पळाली. कोण येते आहे ते नंतर पाहता आले असते, पण गाडी दाराशी आली म्हणजे ओवाळायलाच हवे.

शेवटची पाऊलखूण उंबऱ्याशी संपत होती. साहेब तिथे थांबले. मागची गाडीही सपाटीवर येऊन हळूच थांबली. आईने ओवाळून भाकरतुकडा टाकला आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची टोपली साहेबांच्या तोंडापुढे धरली. “केवढी चढण चढून आलात. माझ्या लेकीच्या लेकराला आणलंत. खा.”

साहेबांना सांगायचे होते की आपण ओढत नाही, ओढण्याविषयी सांगतो. पण भूक कडकडून लागली होती. ते खाऊ लागले. त्यांच्या खांद्यावर, दोर घासून घासून, केस गेलेला एक रुंद पट्टा उघडा पडला होता.

तेवढ्यात गाडीच्या खिडकीत गोधडी हलली. तिच्याखालून एक ओले डोके वर आले, धडपडत दांडीवर उतरले आणि तिथे झोके घेणाऱ्या ‘हलवू नये’ या पाटीवर त्याने आपली पहिली चोच मारली.