कोपऱ्याकडे तोंड करून

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, हे आधीच शपथेवर सांगून ठेवलेलं बरं. ज्यांच्या डोळ्यांदेखत ती घडली, त्यांच्याच तोंडून ती ऐकलेली आहे. म्हणजे ते त्या दिवशी शेजारच्या गावी होते, पण वारा इकडूनच तिकडे वाहत होता. गावाचं नाव सांगता येत नाही, कारण ते गाव आता राहिलेलं नाही. आणि ते जिथे आहे तिथले लोक चौकशीला फार कंटाळले आहेत. असो. खऱ्या गोष्टीला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

एकदा एक वृद्ध कारागीर होते. सारं गाव त्यांना आबा म्हणे. आबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडत आल्या होत्या. पुढे काळ पालटला, तरुण मंडळी गिटार मागू लागली, तेव्हा आबांनी जराही कुरकुर न करता गिटारी करायला घेतल्या. "भोपळा गेला, कंबर आली," ते म्हणत, "लाकूड आहे तेच आहे."

आबांचा कान असा होता, की लाकडावर टिचकी मारून ते झाड कोणत्या साली तहानेलं राहिलं होतं हे सांगत. एकदा जेवता जेवता त्यांनी पोळपाटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "हा उतरलेल्या गंधारात आहे, यावर पोळ्या फुगायच्या नाहीत." त्यांच्या पत्नीने, माईंनी, रागारागाने दुसरा पोळपाट आणला. त्या दिवशी पोळ्या इतक्या फुगल्या, की पहिल्या दोन आढ्याला लागल्या.

अशा या आबांकडे गोरख नावाचा एक शिष्य होता. पूर्वी तो मामाच्या दुकानात दारं-खिडक्या करी. ते सोडून तो आबांच्या पायाशी येऊन बसला, त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. हात तयार झाला होता, मिशाही आल्या होत्या. पण त्याने घडवलेल्या एकाही गिटारीला अजून त्याचं नाव लागलं नव्हतं.

त्याचं असं होतं. गिटारीच्या गोल तोंडातून आत डोकावलं की तळाशी एक छोटा कागद चिकटवलेला दिसतो. त्यावर घडवणाऱ्याचं नाव असतं. आबांच्या कारखान्यात हा कागद लावायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं असे. आबा कधीच सांगत नसत. "मी सांगून लावलंस, तर ते नाव तुझं कसलं? ते माझं," एवढंच म्हणत.

गोरखने स्वतःच्या नावाचा कागद केव्हाच लिहून ठेवला होता. तो सदऱ्याच्या खिशात राहून राहून मऊ पडला होता. दर वेळी गिटार पुरी झाली, की तो आबांना म्हणे, "आबा, तुमची जरा वाजवून दाखवा." आबा आपली गिटार वाजवत, गोरख समोर बसून मान खाली घालून ऐके. मग स्वतःची मांडीवर घेऊन वाजवे, आणि त्याचा चेहरा पडे. गुरूचं वाद्य आपण मांडीवर घ्यायचं नाही, हा त्याचा स्वतःचाच नेम. आणि आपलं वाद्य गुरूंच्या हाती द्यायला त्याला लाज वाटे. "अजून कच्ची आहे," म्हणून तो ती मागे लपवी. मग आवाज मोकळा व्हावा म्हणून पोलादी पट्टीने वरची फळी खरवडू लागे. फळी पातळ केली की आवाज खुलतो, हे खरं; पण थोडीच केली तर. गोरखचा हात एकदा खरवडायला लागला की थांबत नसे. शेवटी फळीचा पापड होई आणि गिटार रॉकेलच्या डब्यासारखी वाजू लागे. मग ती जाई माईंच्या बंबात.

"आमच्याइतकं महाग अंघोळीचं पाणी राजवाड्यातसुद्धा नसेल," माई शेजारणींना सांगत. "शिसवीवर तापतं."

तर एकदा एक व्यापारी आबांकडे आला. शेठजींना दोन मुली, दोघी गिटार शिकत होत्या. एकीकडे काही असलं आणि दुसरीकडे तसंच नसलं, तर त्या घरात चूल पेटत नसे. दोघींसाठी दोन मांजरं आणली होती, तीसुद्धा शेपट्या मोजून.

"आबा, दोन गिटारी करा," शेठजी हात जोडून म्हणाले. "एक जरा चांगली आणि एक जरा कमी अशी झाली, तर मला तुमच्याच ओसरीवर राहायला यावं लागेल."

आबांनी एकच ओंडका काढला. तो मधोमध चिरला, एक अर्धा स्वतःकडे ठेवला आणि दुसरा गोरखपुढे सरकवला. साचा एकच, चिकटवायचा सरस एकाच भांड्यातला, तारा एकाच वेटोळ्यातल्या. दोघांनी शेजारी शेजारी बसून दोन गिटारी घडवल्या. आबांनी आपल्या गिटारीत नावाचा कागद चिकटवला. गोरखने खिशावर हात ठेवला आणि तो तसाच खाली घेतला.

"आबा, तुमची जरा वाजवून दाखवा."

आबांनी वाजवली. मग गोरखने स्वतःची वाजवली. व्हायचं तेच झालं. आबांची बोलत होती आणि ह्याची गोधडीतून कण्हत होती.

असं कसं? गोरखने दोन्ही गिटारी दोऱ्याने मोजल्या. कंबर तेवढीच. मानेची लांबी तेवढीच. दोन्ही खांद्यांवर टाकून तो वाण्याकडे गेला आणि तराजूच्या दोन पारड्यांत दोन ठेवल्या. काटा हलेना. वाणी म्हणाला, "फरक हवाच असेल, तर एकीच्या पोटात लवंग टाकून बघ." लवंग टाकली, ते पारडं खाली गेलं.

म्हणजे घडणीत फरक लवंगेएवढाही नव्हता. आणि आवाजात मात्र जमीन-अस्मानाचा! मग दोष कुणाचा? गोरखला एकच उत्तर सुचलं. दोष हातांचा. काही हातांतून दारं-खिडक्याच निघायच्या असतात. त्याने मनाशी ठरवलं, की ही गिटार सुधारली तर ठीक, नाहीतर उद्या मामाच्या दुकानी परत. शेठजी सकाळी येणार होते. त्याने पोलादी पट्टी उचलली आणि फळीवर टेकवली.

"गोरख," आबा मागून म्हणाले, "ती पट्टी खाली ठेव."

"आबा, उद्या एकीला तुमची मिळेल आणि एकीला ही. त्यांच्या घरात आग लागेल आणि तुमच्या नावाला बट्टा. थोडीच खरवडतो."

"तुझं थोडं मला ठाऊक आहे. ऊठ. गिटार घे. त्या कोपऱ्यात बस. तोंड भिंतीकडे."

"आँ?"

"भिंतीकडे."

शाळेत पाढे चुकले, की मास्तर असंच बसवत. गोरखचे कान लाल झाले. पण गुरूचा शब्द. तो गिटार घेऊन कोपऱ्यात गेला आणि दोन भिंतींच्या बेचक्यात तोंड घालून बसला.

माई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, एवढ्या बाप्या माणसाला काय कोपऱ्यात बसवता? मिशा आहेत त्याला!"

"मिशा भिंतीला लागेपर्यंत पुढे सरक," आबा गोरखला म्हणाले. "हं. वाजव आता."

गोरखने वाजवली. पहिल्याच सुराला तो दचकला. खर्जाची तार भरून आली होती. वरच्या तारा चिंचोक्यांसारख्या टणक, सुट्या सुट्या पडत होत्या. तो थांबला. पुन्हा वाजवली. मग एकदम वळून म्हणाला, "आबा, ही तुमची आहे! मी पाठ फिरवली तेवढ्यात तुम्ही बदललीत!"

"आत डोकावून बघ. नावाचा कागद आहे?"

"नाही."

"मग माझी कशी?" आबांनी आपली गिटार त्याच्यापुढे धरली. "ही घे. तुझ्या रोजच्या जागी जाऊन बस आणि मांडीवर घेऊन वाजव."

"तुमची? मांडीवर? नको आबा."

"मी कधी नको म्हटलं होतं? तूच आपला लांबून पाया पडत बसलास. घे."

गोरखने भीत भीत ती मांडीवर घेतली. वाजवली, आणि त्याचे हात तारांवरच थबकले. तोच गोधडीतला आवाज. तेच कण्हणं.

आबा त्याच्यासमोर पाटावर बसले.

"गिटारीचं तोंड कुठे असतं रे? समोर. ती बोलते ते समोरच्याशी. जो तिला मांडीवर घेतो, त्याच्या वाट्याला तिची पाठ येते. इतकी वर्षं तू माझं वाद्य समोरून ऐकलंस आणि तुझं पाठीमागून. तू दोन गिटारींची तुलना कधी केलीच नाहीस, बाबा; दोन जागांची केलीस. माणसाचं सगळंच असं आहे. दुसऱ्याचं काम, दुसऱ्याचा संसार, दुसऱ्याचं कौशल्य आपल्यापर्यंत समोरून येतं. आपलं मात्र आपल्या छातीला टेकलेलं असतं. त्यात आपली धाप मिसळते, बोटांची खरखर मिसळते, कालची चूक मिसळते. म्हणून ते उणं भासतं. भासलं, की लगेच खरवडायला घेऊ नये. आधी एखादी भिंत शोधावी, तिच्याकडे तोंड करून बसावं, आणि आपलंच परत आलेलं ऐकावं."

 माई दारातून पुढे आल्या.

"एवढं ठाऊक होतं, तर आधी का नाही हो सांगितलंत? इतक्या गिटारी मी बंबात घातल्या त्या?"

"त्या?" आबा म्हणाले. "त्या खरोखरच वाईट होत्या."

गोरखने चमकून वर पाहिलं. आबा उठून सरसाचं भांडं झाकायला निघून गेले होते.

त्याने पट्टी खुंटीला अडकवली. पण कागद काही खिशातून बाहेर काढला नाही. ऐकलं ते पटलं होतं, तरी आबा प्रेमापोटी बोलले असतील, असा किडा मनात वळवळतच होता.

सकाळी शेठजी आले. मागे दोन्ही मुली, एकमेकींकडे तिरक्या नजरेने बघत. आबांनी न पाहताच एक गिटार थोरलीला दिली आणि एक धाकटीला. दोघी समोरासमोर बसल्या. आधी एकीने वाजवली, मग दुसरीने.

"बाबा, तिची चांगली आहे," थोरली म्हणाली.

"काहीतरीच! हिची चांगली आहे," धाकटी म्हणाली. "नेहमी हिलाच चांगलं देता!"

"अदलाबदल करा, अदलाबदल करा," शेठजी घाईघाईने म्हणाले. केली. पुन्हा दोघींनी वाजवली.

"बघितलंत? आता तिची चांगली झाली!" थोरली रडवेली झाली.

"खोटारडी! चांगली तर तुझ्याकडे गेली!"

शेठजींनी घाम पुसला. "आबा, आता मी काय करू? दोन्ही मधोमध कापून उलटसुलट चिकटवून देता का?"

इतक्यात कोपऱ्यातून खो-खो हसण्याचा आवाज आला. गोरख हसत होता. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या कारखान्यात त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दोन रडवेल्या चेहऱ्यांत त्याला मिशीवाला एक तिसरा चेहरा स्पष्ट दिसला होता.

"ताई, तुम्ही त्या कोपऱ्यात बसा," तो थोरलीला म्हणाला. "आणि धाकट्या ताई, तुम्ही या कोपऱ्यात. तोंड भिंतीकडे."

"अहो, पैसे मी मोजायचे आणि शिक्षा माझ्या पोरींना?" शेठजी ओरडले.

पोरी बसल्या. थोरलीने वाजवली आणि तिची मान आपोआप ताठ झाली. मग धाकटीने वाजवली. बराच वेळ कुणीच वळेना.

"माझीच चांगली आहे," थोरली भिंतीला म्हणाली.

"हट्! माझी!" धाकटी दुसऱ्या भिंतीला म्हणाली.

शेठजींनी कपाळाला हात लावला. "भांडण आहेच की!"

"हे भांडण बरं असतं, शेठजी," माई म्हणाल्या. "हे खुशाल घरी न्या."

निघताना शेठजींनी दोन्ही गिटारींत डोकावून पाहिलं. "आबा, एकीत तुमचं नाव आहे. ही दुसरी कुणाची?"

आबा भिंतीवरच्या पालीकडे फार लक्ष देऊन पाहू लागले.

गोरखने खिशातला कागद काढला. सरसात बोट बुडवून त्याच्या पाठीवर फिरवलं, दोन बोटांत धरून तो गिटारीच्या तोंडातून आत नेला आणि तळाशी दाबून धरला. सरस धरेपर्यंत त्याने हात बाहेर काढला नाही.

"माझी," तो म्हणाला.

आता राहिली कबुली. या गोष्टीत खोटा भाग आहे तो असा, की गोरखला हे सगळं त्या एका सकाळीच कायमचं कळलं, असं वाटावं अशा बेताने ती सांगितली आहे. तसं कुणालाच कळत नाही. कागद त्याने लावला, हे खरं. पण पुढे कितीतरी गिटारींच्या वेळी त्याचा हात पोलादी पट्टीकडे गेलाच. तो गेला, की माई आतून ओरडत, "गोरख, भिंत!" आणि तो निमूटपणे गिटार उचलून कोपऱ्यात जाऊन बसे.