गालातली सुपारी

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला बजावलंय. लिहायची नाही, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

एका गावात वरच्या आळीला एक मोठं घर होतं. त्या घरातल्या कुणाला कधी कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मुलीच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की मोठ्या काकू तिच्या तोंडात अख्खी सुपारी सरकवत. "दाढेखाली धर. गळा काढायला आपण खालच्या आळीतले नाही." मग ओठ मिटून ठेवावे लागत आणि रडू आपोआप मागे जाई.

त्या घरात दोन बहिणी होत्या. थोरलीचं लग्न झालं, पाठवणीची वेळ आली. धाकटीच्या गालात सकाळपासूनच सुपारी होती.

लग्नाची सुपं घेऊन आलेली बुरुडाची मुलगी दाराशी उभी होती. थोरली दिसताच तिने भोकाड पसरलं. "ताई, आता कुंपणावरून मला पेरू कोण टाकणार गं?"

थोरलीने काकूंकडे न बघता तिला पोटाशी धरलं. धाकटीच्या मात्र डोक्यावर नुसता हात ठेवला आणि ती गाडीत जाऊन बसली.

धाकटीने दाढेखालची सुपारी आणखी घट्ट दाबली. ताईच्या कुशीत रोज झोपते मी. ताईला ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या मी. आणि मिठी हिला, तीही पेरवासाठी रडली म्हणून? तिला त्या मुलीच्या वाहत्या नाकाचासुद्धा हेवा वाटला.

"बघा आमची धाकटी," काकू कौतुकाने म्हणाल्या, "कशी दगडासारखी उभी आहे."

थोरलीने ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. गाडी हलली. ताई हे खरं मानूनच जाणार, हे धाकटीला तेव्हा कळलं.

तिने सुपारी थुंकली. ती काकूंच्या पायाशी पडली. "ताई, थांब. तू जाऊ नकोस ना." आणि ती खालच्या आळीपर्यंत ऐकू जाईल अशी रडली.

गाडी थांबली. थोरली उतरून धावत आली, पण बोलेना. तिने तळहातावर काहीतरी थुंकलं, तेव्हा कुठे तिला शब्द फुटला. तीही सुपारीच होती.

"वेडे, मला वाटलं, तुला माझं काहीच नाही."

"मलाही तेच वाटलं," धाकटी तिच्या गळ्यात पडून म्हणाली.

बुरुडाच्या मुलीने नाक पुसलं. "एवढा वेळ लागतो होय तुमच्यात?"

इतक्यात मागे ओसरीच्या फरशीवर आणखी एक सुपारी टणकन पडली. तिथे आई उभी होती.

तात्पर्य: गिळलेलं रडू आपल्या माणसाला दिसत नाही, म्हणून घराण्याने तोंडात दिलेली सुपारी वेळेवर

आले, काकू. नाही, काही लिहीत नव्ह