दुकान हलवलं, गिऱ्हाईक चुकलं

“मग माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा ना बुवा!”

हेरंबने हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णाबुवांनी तिसऱ्यांदाही नुसती पुढची शेंग उचलली. नदीकाठच्या जुन्या मठाचं आता नुसतं दगडी जोतं उरलं होतं, आणि त्यावर घोंगडी टाकून म्हातारा शेंगा सोलत बसला होता.

पुराचं पाणी दोनदा गाभाऱ्यात शिरलं, तेव्हा मठ टेकडीवर हलवला. वर भक्कम भिंत आहे, कडीकोयंड्याचं मोठं दार आहे, रांगेने खोल्या आहेत. सगळे वर गेले. बुवा मात्र रोज सकाळी खाली येऊन बसतात. त्याला यंदा सात वर्षं झाली.

हेरंब पुण्याहून आला होता. गाव त्याला ‘इंजिनियरसाहेब’ म्हणे, आणि त्यालाही ते ऐकायला आवडे. शालनमावशीने त्याला लहानाचा मोठा केला. तिचं मेतकूट, भाजणी, सांडग्यांचं दुकान त्यानेच इंटरनेटवर मांडून दिलं होतं: ‘शालनमावशीचं फडताळ’. कुणीही गूगलवर मेतकूट शोधावं आणि पहिल्या पानावर मावशी दिसावी. नऊ बायकांच्या चुली त्या दुकानावर पेटत होत्या.

आणि महिन्याभरापूर्वी… त्याने ते हलवलं.

“हलवलं म्हणजे?” बुवांनी एकदाचं तोंड उघडलं.

“म्हणजे दुकान तेच, बुवा. पत्ता नवा. जुना पत्ता उघडा होता. गिऱ्हाइकाने लिहिलेलं वाटेत कुणीही वाचू शकायचं. नव्याला कुलूप आहे.”

“चांगलं केलंस.”

“हो ना? आणि हलवतोच आहे, तर प्रत्येक जिनसाच्या पानाचा पत्ताही नीटनेटका करून घेतला. तीनशे बारा पानं. एका दिवसात!”

“शाबास. मग?”

“मग काय… मावशी पहिल्या पानावरून सातव्यावर गेली. दुकानाकडे कुणी फिरकत नाही. नऊपैकी सहा बायका घरी बसल्या.” त्याचा आवाज उतरला. “मावशी मला एका शब्दाने बोलत नाही. ‘होतं रे असं,’ म्हणते आणि वर मलाच आग्रह करून वाढते. बोलली असती तर बरं झालं असतं.”

“जुन्या पत्त्यावर कुणी आलं तर?”

“त्याची सोय केलीय की! कुठल्याही जुन्या पत्त्यावर या, आपोआप नव्या दुकानाच्या दारात पोचाल. एका ओळीचं काम.”

एवढं सांगताना पडलेला चेहरासुद्धा जरा वर आला. हाडाचा इंजिनियर तो. घर पडलं तरी आधी नकाशा दाखवील.

बुवांनी शेंगांची टोपली त्याच्या मांडीवर ठेवली आणि ते उठले.

“बस इथं माझ्या जागी. मी आंघोळ उरकून येतो. कुणी आलं, तर मठ कुठं गेला ते सांग.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पहिली आली एक बाई. कडेवर खोकणारं पोर.

“बुवा न्हाईत व्हय? काढा पायजे हुता.”

“मठ टेकडीवर गेलाय. ते बघा, मोठं दार दिसतंय ना? तिथं जा.”

मग काठी टेकत एक म्हातारा आला. त्यालाही मोठं दार. मग आणखी दोघं. त्यांनाही मोठं दार. हेरंब शेंगा खात बसला. या कामाला माणूस कशाला, त्याला वाटलं, एक पाटी लावली की भागलं.

बुवा नदीवरून आले आणि उंबराच्या फांदीवर ओलं धोतर वाळत घालू लागले. तेवढ्यात ती बाई परत आली. घामाघूम. पोर रडून लाल झालेलं. हात रिकामेच.

“काय झालं?” हेरंब उठलाच.

“काय हुनार? दारात हुबी ऱ्हायले. आत बघावं तर खोलीला खोली… कुनाला इचारायचं? समदी आपापल्या गडबडीत. ते काठीवालं म्हातारं तर तवाच माघारी गेलं. म्हनलं, मठ बुडाला. ऱ्हाऊ द्या आता, जाते घरला.”

“थांब गं पोरी.” बुवांनी लेकराच्या पाठीवरून हात फिरवला. “मोठ्या दाराकडं जाऊच नकोस. ह्या पायवाटेनं चढ, मागच्या अंगाला पडवी लागेल. तिथं सगुणाबाई काढा उकळत बसलेली असते. तिला सांग, खोकला सुका आहे.”

बाई पायवाटेने झपझप निघून गेली.

हेरंबला राहवेना. “बुवा, मीसुद्धा तिला मठातच पाठवलं होतं. खोटं नाही सांगितलं.”

“नाही सांगितलंस.”

“मग?”

“ती मठाला कुठं आली होती?”

…

हेरंबने टेकडीवरच्या मोठ्या दाराकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे कुणी लांबच्या गावची बाई आली. आजारी सासऱ्यांसाठी तिने मऊ भात टाकलाय आणि मेतकुटाच्या पानाचा जुना पत्ता जपून ठेवलाय. आणि आपण तिला तीनशे बारा जिनसांसमोर दारात उभं केलं, म्हटलं, घ्या शोधून! लोकांना वाट दाखवणारं गूगलही त्याच दारात येऊन बघत होतं. त्यालाही मेतकूट दिसेना. मग ते मावशीकडे माणसं पाठवील तरी कशाला?

त्याला लाज वाटली. मनापासून वाटली.

“तीनशे बारा आहेत, बुवा,” तो अखेर म्हणाला. “प्रत्येक जुन्या पानाला त्याचंच नवं पान जोडायला हवं. मेतकुटाला मेतकूट, भाजणीला भाजणी. एकेक, हाताने.”

“हं.”

“काही पानांवर तर वर्षातून एखादाच माणूस येतो. कुळथाच्या पिठाचं पान आहे…”

“मला आवडतं कुळथाचं पिठलं,” बुवा म्हणाले आणि त्यांनी एक शेंग फोडली.

हेरंबला हसू आलं आणि हसताहसता डोळे भरून आले. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तिथंच जोत्यावर मांडी घातली. उन्हं डोक्यावर येईपर्यंत चाळीस पानं जोडून झाली. शेजारी बुवांचं काम चालूच होतं. कुणाला विहिरीकडून तिसरी खोली, कुणाला गोठ्यामागचा वैद्य, कुणाला नुसतंच, “तुझा भाऊ आत्ताच वर गेलाय, पळ.”

एकाएकी हेरंबने मान वर केली.

“बुवा, हे जुने पत्ते असे जपायचे तरी किती दिवस? वर्षभर पुरे ना?”

बुवा वाटेकडे बघत होते. लांबून कुणीतरी येत होतं.

“तुम्हाला तर सात वर्षं झाली,” हेरंब म्हणाला. “ही जुनी जागा तुम्ही सोडणार तरी कधी?”

बुवांनी सरकून घोंगडीवर येणाऱ्यापुरती जागा केली.

“जागा मी पहिल्याच दिवशी सोडली रे… माणसं सोडवत नाहीत.”