तीन दिवसांचं हैदराबाद

"बाबा, तीन दिवसांत हैदराबाद पाहून होतं की नाही, एवढंच सांगा."

गुंडेराव मुखेडकर मास्तरांनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांच्या खिशातच होतं. त्यांना फक्त कोणीतरी 'वा मास्तर!' म्हणायला हवं होतं.

फत्तूशा फकीर गोधडीला ठिगळ लावत बसले होते. नांदेडला गोदावरीच्या काठी, चिंचेखाली त्यांचा तकिया, म्हणजे फकिराचं राहायचं ठिकाण. वय ऐंशीच्या पुढं, पण सुईत दोरा स्वतःच ओवायचे.

"किती जण चालले?"

"मी एकटाच."

"एकटा काऊन?"

"हिचे गुडघे दुखतात. मुलगा म्हणतो गाडी करून देतो, सोबत माणूस देतो. मला नको गाडी नि नको माणूस. उद्या शुक्रवारी निघतो. शनिवार, रविवार, सोमवार बघतो आणि परत."

मास्तरांनी खिशातून घडी काढली. चौतीस वर्षं ज्यानं शाळेचं वेळापत्रक आखलं, तो माणूस काय असाच उठून गाडीत बसणार? आखीव ताव, लाल-निळी शाई, आणि एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

"वाचून दाखव," फकीर म्हणाले.

बाबांना अक्षरओळख नाही, असं मास्तर धरूनच चालले होते. अकरा वर्षं ते दर गुरुवारी इथं यायचे, आणि अकरा वर्षं त्यांची तीच समजूत. तेव्हा त्यांनी पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"शनिवार. सकाळी सात ते साडेअकरा, गोवळकोंडा. दुपारी सालारजंगचं म्युझियम. पाच वाजता चारमिनार. रविवार. सकाळी प्राणिसंग्रहालय. दुपारी मक्का मशीद. संध्याकाळी हुसेनसागर, मग बिर्ला मंदिर. सोमवार. नऊ ते बारा हिच्यासाठी मोत्यांचा सर. बारा ते चार मोकळा तास. चार वाजता..."

"थांब. बारा ते चार काय?"

"मोकळा तास. विश्रांती."

"चार तासांचा एक तास? कोणत्या शाळेत रे?"

मास्तर हसले. "वय झालं आता, बाबा."

"विश्रांती कुठं?"

"लॉजवर. काचीगुड्याला."

"एवढ्या मोठ्या गावात काचीगुडाच काऊन?"

"स्टेशन जवळ पडतं."

"हौ?" फकिरांनी दोरा दातानं तोडला. "तू शिकायला होतास ना तिकडं? कुठं राहायचास?"

"काचीगुड्याच्याच मागं. एका गल्लीत. दोन वर्षं काढली."

"ती गल्ली कागदावर नाही."

"तिथं काय आहे पाहण्यासारखं!"

हे बोलून मास्तर पुन्हा हसायला गेले, पण या खेपेला हसू काही जमलं नाही.

फकिरांची सुई वर, सुई खाली...

गप्प बसणाऱ्या माणसासमोर बोलणाऱ्याचीच पंचाईत होते. मास्तरांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"गल्लीच्या तोंडाशी सरकारी नळ होता," ते म्हणाले. "पहाटे चारला बायकांची भांडणं सुरू. अर्धी तेलुगूत, अर्धी उर्दूत, आणि शिव्या मराठीत. पलीकडं पावाची भट्टी. त्या वासानं जाग यायची, बाबा. घड्याळ कुणाकडं होतं? आम्ही तिघं पोरं वरच्या खोलीत. पत्र्याखाली भाजून निघायचो. पण काय दिवस होते! दोन वर्षांत मी एकदाही गोवळकोंडा पाहिला नाही. कधी वाटलंच नाही पाहावासा."

"मग काय पाहिलंस?"

"समोर एक खाला राहायची. विधवा. खाला म्हणजे मावशी. सगळी गल्ली तिला खालाच म्हणायची. मी रात्री वाचत बसलो की खालून ओरडायची, 'ऐ मुखेड! सो जा रे, आँखां जाते!' माझं नाव तिला कधी घेता आलं नाही. गावाच्या नावानंच हाक मारायची."

मास्तरांचा आवाज कसा कोण जाणे, एकदम कोवळा झाला होता.

"दुसऱ्या वर्षी मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस. खोलीतले दोघं घाबरून आपापल्या गावी गेले. खाणावळवाला फिरकेना. ती रोज जिना चढायची. तांदळाची पेज, वर मिठाचा खडा. मान उचलून पाजायची. आम्ही सोवळ्यातली माणसं, बाबा. पण तेव्हा मला काही आठवलं नाही. मी पीत होतो, आणि जगत होतो."

"मग?"

"मग वडील न्यायला आले."

चिंचेवर कावळा ओरडला.

"टांगा दारात उभा होता. वडील प्रवासात पाण्याचा तांब्यासुद्धा घरचा वापरायचे. तेवढ्यात खाला धावत आली. हातात डबा. 'मुखेड, रास्ते में खा ले.' वडिलांनी मला विचारलं, ही बाई कोण?"

"तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो... माहीत नाही. दुसऱ्या कुणाला तरी शोधत असेल."

फकिरांची सुई थांबली.

"तिला मराठी येत होतं, बाबा. गल्लीत निम्मी घरं आपलीच. तिला सगळं कळलं. पण चेहरासुद्धा हलला नाही तिचा. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि माघारी वळली. स्टेशनात वडिलांनी त्यातलं अन्न गाईला घातलं, माझ्या तोंडी घासही लागला नाही. डबा पितळेचा, चांगला जाड. तो घरी आणून चिंच लावून, राखेनं घासून ठेवून घेतला. मी काही बोललो नाही. चाळीस वर्षं झाली. तिला लिहायला पोस्टकार्डं आणायचो, आणि पहिली ओळ सुचायची नाही."

फकिरांनी गोधडी बाजूला सारली. "दे इकडं. भूक लागली."

मास्तरांनी पिशवीतून गुरुवारचं जेवण काढलं. डब्यात भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. फकिरांनी इकडंतिकडं पाहिलं, मास्तरांच्या हातातला ताव घेतला, जमिनीवर पसरला, आणि त्यावर भाकरी ठेवली. भाकरीवर पिठलं. पिठल्याचा ओघळ थेट गोवळकोंड्यावर गेला. मास्तरांनी हात पुढं केला, नि मागं घेतला.

फकिरांनी रिकामा पितळी डबा बाहीनं पुसला. झाकण उन्हात धरलं. कडेला ठिपक्याठिपक्यांनी उर्दूत नाव घातलेलं होतं. त्यावरून त्यांनी उजवीकडून डावीकडं बोट फिरवलं.

"जैनब बी," ते म्हणाले. "काचीगुडा."

मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाबा... तुम्हाला वाचता येतं?"

"इतकं येतं."

"कधी वाचलंत?"

"तू पहिल्या गुरुवारी आलास तेव्हा."

घरात डबे काय थोडे होते? स्टीलचे होते, कड्यांचे होते, सुनेनं आणलेले रंगीत होते. पण गुरुवार आला की फळीवरून मास्तर स्वतः हाच काढून द्यायचे. बायको म्हणायची, जड आहे हो, दुसरा न्या. ते ऐकायचे नाहीत. का, ते त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आज कोणी न विचारताच त्यांना ते कळलं, आणि साठी उलटलेला हा माणूस, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, तोंडाला उपरणं लावून रडला.

फकीर शांतपणे भाकरी खात राहिले.

"बारा ते चार मी तिथंच जाणार होतो," जरा वेळानं मास्तर म्हणाले. "गल्लीच्या तोंडापर्यंत. लांबून बघायचं आणि परत फिरायचं. बाकीचं सगळं... बाकीचं घरच्यांना सांगायला."

"आणि आत?"

"आत जायची छाती नाही, बाबा. ती आता तुमच्याच वयाची असेल. नसेलही. गेलीच असेल तर?"

"मग दार उघडेल त्याला सांग."

"काय सांगू?"

"बापानं विचारलं होतं त्याचं उत्तर. बाई कोण ते."

मास्तरांनी डोळे पुसले. डबा दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. झाकणावरचं नाव त्यांनी अंगठ्यानं चाचपलं, एकदा, दोनदा. मग त्यांचा जुना स्वभाव जागा झाला. कामाला लागायचं म्हटलं की मास्तरांना तजवीज आधी सुचायची.

"आज घासूनपुसून लख्ख करतो," ते म्हणाले. "पण लोकाचं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. काय भरून नेऊ? हिनं डिंकाचे लाडू केलेत. का पेढे घेऊ इथले? तिला दात असतील की नाही, कोण जाणे. मऊ काहीतरी..."

"रिकामाच ने."

"रिकामा? चाळीस वर्षांनी? बरं दिसेल का ते, बाबा?"

फकिरांनी शेवटचा घास तोंडात टाकला, ताव झटकला, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"रिकामाच ने. आणि सोमवारी सकाळपासून काही खाऊ नको... उपाशी जा."