दगडाचा कापूस आणि गुळाचा खडा

फार फार जुनी गोष्ट. एका डोंगराळ राज्यात दगडातून कापूस निघायचा. हसू नका, खरंच निघायचा! मजूर तो दगड कुटायचे, पिंजायचे, त्याचं कापड विणायचे. ते कापड आगीत टाकलं तरी जळत नसे. राजाला त्याचं भारी कौतुक.

त्या कारखान्याचा मुकादम होता धर्माजी. पिंजणखोलीत पांढरी धूळ अशी उडायची की शेजारचा माणूस दिसू नये. मजूर खोकून बेजार व्हायचे. मग संध्याकाळी धर्माजी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. "खा रे बाबांनो, गुळानं छाती मोकळी होते!"

आता खरं सांगू? म्हाताऱ्या वैद्यांनी त्याला कधीच बजावलं होतं, "ही धूळ छातीत रुतून बसते, मुकादम. कैक वर्षांनी गाठ होऊन वर येते. गुळानं काही होत नाही. माणसं मरतील!"

पण हे सांगितलं तर कामाला येणार कोण? धर्माजी मूग गिळून बसला. स्वतः मात्र आत जाताना नाकातोंडाला उपरणं घट्ट बांधायचा. वा रे शहाणा!

घरी आला की ते उपरणं बायकोच्या, सगुणाच्या हाती द्यायचा. ती दारात उभी राहून ते फटाफट झटकायची आणि खुंटीला अडकवायची. रोजचाच शिरस्ता.

वर्षं गेली. मजूर एकेक करून खोकत खोकत गेले. धर्माजी ठणठणीत. आणि एके दिवशी सगुणाला धाप लागली.

वैद्य तपासून बाहेर आले. "छातीत गाठ आहे. कर्करोग. त्याच धुळीचा."

"भलतंच काय बोलता! ती कारखान्याची पायरीसुद्धा चढलेली नाही!"

वैद्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. "हे उपरणं रोज कोण झटकतं?"

धर्माजीच्या पायाखालची जमीनच सरकली.

तेवढ्यात आतून सगुणाची हाक आली, "अहो, गुळाचा खडा द्या ना जरा. तुम्हीच म्हणता ना, गुळानं छाती मोकळी होते?"



दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेल्या मजुरांपुढे रडत रडत सगळं सांगितलं. पिंजणखोलीला कायमचं टाळं लागलं. पण सगुणानं पुढची दिवाळी पाहिली नाही.

दुसऱ्याच्या जिवावरचं संकट जाणूनबुजून झाकलं, तर ते आपलाच उंबरा ओलांडून आत येतं.